पाचपैकी पाच

हे सगळं २०२३ साली झालं. तारीखसुद्धा सांगते: सोळा मार्च, गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून मी मेथी निवडत होते. ती जुडी निवडून संपायच्या आत आमच्या घराची अब्रू आभाळाला जाऊन टेकली. तिला तिथून खाली उतरवायला पुढची दोन वर्षे लागली, आणि एक माणूस खर्ची पडला.

आमची नात संघमित्रा आदल्या ऑक्टोबरात जर्मनीला धातुशास्त्र शिकायला गेली होती. तिचे आईवडील बिलासपूरला रेल्वेत. पोरगी पाचवीपासून आमच्याकडेच वाढलेली, म्हणून तिचा निकाल तो आमचाच निकाल. पहिल्या सहामाहीत तिनं एकच मोठा पेपर दिला होता, थर्मोडायनॅमिक्सचा. बाकीचे पुढं ढकलले होते. तिथं म्हणे विद्यार्थ्याला आपला पेपर आपल्या सोयीनं पुढं ढकलता येतो. ही सोय आमच्या वेळी असती, तर सातवीच्या गणिताचा पेपर मी आजवर ढकलत आले असते.

फोन वाजला तसा आमच्या यजमानांनी तो स्पीकरवर टाकला. यजमान म्हणजे गुलाबराव. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, जिथं रेल्वेचे रूळ तयार होतात तिथं, इन्स्पेक्शनला अडतीस वर्षे काढून रिटायर झालेले.

"लागला का वं निकाल?"

"लागला, आबाजी."

"किती?"

तिनं आधी आमच्या जेवणाचं विचारलं. यांनी पुन्हा विचारलं, किती.

"पाच," ती म्हणाली.

"कितीपैकी?"

"इथं पाचपर्यंतच असते, आबाजी. पण तुम्ही आधी ऐका ना..."

ऐकायला ते जागेवर होतेच कुठं! फोन माझ्या मेथीत टाकून ते अनवाणी फाटकापर्यंत पोचले होते. "अरुणकुमार! ओ अरुणकुमार! बाहेर या! पाचपैकी पाच!" मी हात पुसून फोन उचलेपर्यंत तो बंद झाला होता.

आता इथं मला यजमानांची बाजू मांडली पाहिजे, कारण ते मूर्ख नव्हते. भिलाईत जुन्या काळी रशियन इंजिनियर राहत. त्यांची वेगळी वसाहत होती आणि त्यांच्या पोरांसाठी वेगळी शाळा. बहात्तर-त्र्याहत्तर साली हे नवीन नोकरीत असताना लेबेदेव म्हणून एका साहेबाच्या हाताखाली होते. त्या साहेबाची मुलगी गाल्या शाळेतून पाच मार्क घेऊन आली की साहेब सगळ्या शिफ्टला चॉकलेट वाटायचा. त्यांच्याकडं पाच म्हणजे सर्वांत वर. दोन आले की त्या दिवशी साहेब कोणाशी बोलायचा नाही. हे ज्ञान यजमानांनी पन्नास वर्षे जपून ठेवलं होतं. त्याचा उपयोग करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"रशिया आन जर्मनी शेजारी-शेजारी," ते मला म्हणाले. "मार्क देण्यात असा किती फरक पडन?"

मी भूगोलात पडले नाही.

अरुणकुमार आमचे शेजारी, प्लांटच्या कोळशाच्या भट्ट्यांवरून रिटायर झालेले, मूळ बिहारमधल्या आऱ्याचे. त्यांनी चष्मा लावून विचार केला. पाचचा विचार करायलाही त्यांना चष्मा लागतो. "भाईसाहब, बधाई. लेकिन ऐसे पाँच-पाँच बोलिएगा तो यहाँ कोई समझेगा नहीं. यहाँ परसेंट चलता है. सेंट परसेंट बोलिए."

पलीकडच्या क्वार्टरमधल्या राधाबाई अमरावतीच्या. त्या भिंतीवरून म्हणाल्या, "मले तर आधीच मालूम होतं. पोट्टी लहानपणी भिंतीवर लिवायची तवाच मी म्हणलं होतं. पण बाई, दृष्ट काढून टाक. शंभर टक्के म्हणजे फार होते." आम्ही दृष्ट-बिष्ट मानत नाही. पण राधाबाई मानतात, आणि त्या भिंतीला भिंत लागून राहतात. शेवटी त्यांनी त्यांच्या अंगणात त्यांच्या मिरच्यांनी आमच्या नातीची दृष्ट काढली, आणि ठसका आम्हाला लागला.

रात्रीपर्यंत 'शंभर टक्के' रेल्वे फाटकाच्या पलीकडं गेले होते. मित्राचा (घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो) एवढाच निरोप आला: नंतर बोलते. आम्हाला वाटलं, पोरगी लाजली.

आमच्या बुद्धविहारात दर चौदा एप्रिलला गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. ज्याचे टक्के सगळ्यांत जास्त त्याला मोठी शील्ड, आणि विहाराच्या भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर ऑइल पेंटनं नाव आणि टक्के. हा बोर्ड एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासूनचा आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बरोबर खाली आहे, म्हणून त्याच्यावर नाव लागणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या वस्तीतली कितीतरी पोरं त्या बोर्डाकडं बघून अभ्यासाला लागलेली मी पाहिली आहेत. कितीतरी बाप त्याच्याकडं बघून पोरांना मारताना पण पाहिले आहेत.

त्या वर्षी शील्ड सुमेधची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुमेध ताराचा मुलगा. तारा प्लांटच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडं पोळ्या लाटते, नवरा नाही. सुमेधला आदल्या वर्षी बारावीत एक्क्याण्णव पूर्णांक चार मिळाले होते. तारानं सुपेल्याच्या बाजारातून त्याच्यासाठी पांढरा शर्ट शिवून आणून ठेवला होता.

आणि यजमान अर्ज घेऊन आले.

विहार समितीचा सचिव प्रफुल प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क. त्याच्या हाताखालून अर्ध्या मिनिटाचा उशीर सुटत नाही, तर कोरा रकाना कसा सुटणार!

"काकाजी, टक्के लिवा. आन मार्कशीट जोडा."

"जर्मनीत मार्कशीट कागदावर देत नाही. कॉम्प्युटरमंदी राहते."

"मंग कॉम्प्युटर जोडा."

यजमानांनी मित्राला फोन लावला. ती म्हणाली, "राहू द्या ना आबाजी सत्कार. खरंच राहू द्या." यांना भरून आलं. "पाहय," मला म्हणाले, "किती मार्क, आन किती नम्र!"

शेवटी प्रफुलनं एक वाट काढली. मार्कशीट नाही तर नोटरीचं शपथपत्र चालेल. झालं. भर उन्हात आम्ही दोघं सुपेल्याला. टिनाच्या शेडखाली एक टायपिस्ट होता, त्यानं तीनदा टाइप केलं. पहिल्यांदा त्यानं नात यांना आणि आजोबा संघमित्राला केलं. दुसऱ्यांदा जर्मनी हे आमच्या दुर्ग जिल्ह्यातलं गाव झालं. तिसऱ्यांदा बरोबर आलं: शपथपूर्वक कथन करता हूँ कि मेरी पौत्री ने पाँच में से पाँच अंक, अर्थात शत-प्रतिशत प्राप्त किए हैं. यजमानांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि सही केली.

त्यांच्या सहीबद्दल एक सांगते. एकदा मिलमध्ये त्यांना एका रुळावर केसाएवढी चीर दिसली. वरचा साहेब म्हणाला, जाऊ दे, दिसत नाही. हे म्हणाले, मला दिसली. तो रूळ यांनी नापास केला, आणि त्यापायी यांचं प्रमोशन दोन वर्षे अडलं. असा माणूस. त्या दिवशी सुपेल्यात त्यानं आयुष्यातली पहिली खोटी शपथ घेतली, आणि वर टायपिस्टला चहा पाजला.

चौदा एप्रिलला विहारापुढं मंडप होता आणि चौकात फ्लेक्स होता. फ्लेक्सवर मित्राचा अकरावीच्या ओळखपत्राचा फोटो एवढा मोठा केला होता की तिच्या कपाळावरची देवीच्या लशीसारखी खूण म्हणजे खरं तर स्टेपलरच्या पिनेची आहे, हे लांबूनही दिसत होतं. खाली: जर्मनीत १०० टक्के.

शील्ड घ्यायला मी मंचावर गेले. सुमेध दुसरा आला. त्याला छोटी शील्ड मिळाली. पांढरा शर्ट त्याला फार शोभत होता. ताराच्या टाळ्या मला ऐकू येत होत्या; ती सगळ्यांच्या नंतरपर्यंत वाजवत होती.

मग प्रफुलनं सगळ्यांना चकित करायचं म्हणून पडद्यावर व्हिडिओ कॉल जोडला. पडद्यावर मित्रा दिसली. केस बांधलेले नाहीत, मागं एक कपाट, त्याच्यावर एकच कप. चारशे माणसांनी जयघोष केला.

"दोन शब्द बोल, संघमित्रा!" प्रफुल माइकवर ओरडला.

"जय भीम," ती म्हणाली. दोन शब्द झाले. मग ती रडायला लागली. तोंडावर हात दाबून, खांदे उडेपर्यंत. मंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. यजमान रडले. राधाबाई, ज्या नुसत्या जेवायला आल्या होत्या, त्याही रडल्या. मी एकटी रडले नाही. त्या पोरीला मी पाचवीपासून न्हाऊमाखू घातलंय. आनंदानं ती रडते तेव्हा आधी तिचं नाक लाल होतं. नाक लाल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यजमान पेपरात बातमी शोधायला वाचनालयात गेले, तसा मी फोन लावला.

"आजी," ती म्हणाली, "इथं एक म्हणजे सगळ्यात चांगलं. चार म्हणजे कसंबसं पास. पाच म्हणजे नापास."

"आन सहा?"

"सहा नसते. पाचच्या खाली काहीच नसते."

मी पलंगावर बसले. समोर काचेच्या कपाटात शील्ड होती. "मंग आता?"

"अजून दोनदा बसता येते. तिसऱ्यांदाही पाच आले तर नाव काढून टाकतात. मग पूर्ण जर्मनीत कुठंच हा कोर्स करता येत नाही." मग ती म्हणाली, "मी त्या दिवशी सांगूनच राहिली होती, आजी. आबाजी ऐकलेच नाही. मग फ्लेक्सचा फोटो आला. आता नको सांगू ना. मी पास होते, मग दोन्ही एकदमच सांगीन."

मी हो म्हटलं. मला त्या वेळी वाटलं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

गुपित ठेवणं किती अंगमेहनतीचं काम आहे, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. घरी आलेल्या प्रत्येकाला यजमान शील्ड काढून दाखवायचे, आणि ती पुसून परत ठेवायचं काम माझं. भाजीच्या गाडीपाशी तारा भेटली. मी मान वळवायच्या आत म्हणाली, "काकू, मित्राचं लय कौतुक वाटते. सुमेध हिरमुसला होता. म्हणलं, पोरा, तिथं शंभर पडते. तू एक्क्याण्णव घेऊन काय बसला." मी त्या दिवशी भाजी न घेताच घरी आले. यजमानांनी विचारलं तर म्हटलं, महाग होती.

सप्टेंबरात दुसरा निकाल. पुन्हा पाच.

"सलग!" यजमान ओरडले. "ही पोट्टी खालीच येत नाही!" मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण तिनं मागच्या बारीले थोच विषय सांगला होता ना?"

"हा भाग दोन आहे," मी म्हटलं. लग्नाला एकावन्न वर्षे झाली होती. त्यांना मी सांगितलेलं पहिलं मोठं खोटं हे. इतकं सहज निघालं, की एवढी वर्षे ही कला मी उगाच वाया घालवली असं वाटलं. त्यांनी पेढा माझ्या तोंडात घातला. तो मी गालात धरून मोरीपर्यंत गेले आणि टाकला.

आता एकच खेप उरली होती. त्या हिवाळ्यात मला झोप नव्हती. मित्रा फोनवर चार वाक्यं बोलायची, त्यातली दोन जेवणाबद्दल. ती खोटी असायची.

मार्च २०२४. या खेपेला तिनं फोन यांना न करता मला केला.

"आजी! चार!"

"चार?" मी ओरडले. "खरंच चार? नीट पाहून सांग वं!"

"चार, आजी! चारच!"

तिनं व्हिडिओ लावला आणि आम्ही दोघी रडलो. या वेळी तिचं नाक लाल होतं. मी चप्पल घातली, ऑटो केला, सुपेल्याला जाऊन एक किलो पेढे घेतले. परत आले तर घरात मयत झाल्यासारखी माणसं बसलेली. मित्रानं पाठोपाठ आबाजींनाही कळवलं होतं.

यजमान खुर्चीत. अरुणकुमार त्यांच्या खांद्यावर हात ठेवून: "भाईसाहब, अस्सी परसेंट भी फर्स्ट डिवीजन ही है." राधाबाई पदर सावरून: "वीस टक्के एकदम पडते म्हणजे... पोट्टा-बिट्टा तर नाही ना तिकडं?"

आणि दारात मी, पेढ्यांचा पुडा घेऊन. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तो उघडला आणि वाटायला लागले. राधाबाईंनी पेढा घेतला आणि तेराव्याच्या लाडूसारखा खाल्ला.

"तुले लाज वाटते का नाही?" यजमान म्हणाले. "पोट्टी घसरून राहिली, आन तू पेढे वाटून राहिली?"

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मित्रानंच कबूल केलं होतं, दोन्ही एकदमच सांगीन. पण तोवर बोर्डावर पेंट वाळून वर्ष झालं होतं. कपाटात शपथपत्राची झेरॉक्स होती. तिनं हिंमतही त्या पेपरांसारखीच पुढं ढकलली, आणि मी तिला ढकलू दिली.

इथून पुढं सगळं उलटंच झालं. पोरीची गाडी रुळाला लागली. एकदा पास झाल्यावर ती अशी काही अभ्यासाला भिडली की सप्टेंबरात दोन पूर्णांक सात, आणि पुढच्या मार्चमध्ये एक पूर्णांक सात. तिचे प्रोफेसर तिला नावानं ओळखायला लागले. आणि इकडं यजमान कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं रेघ ओढत होते: शंभर, शंभर, ऐंशी, चौपन्न, चौतीस. जितकी ती तिकडं वर चढत होती, तितकी या कागदावर खाली जात होती. त्यांचं जेवण कमी झालं. विहारात जाणं बंद झालं. प्रफुल समोरून दिसला की ते रस्ता ओलांडायचे. एकदा असं करताना दुधाच्या गाडीखाली येता येता वाचले.

मग एका रविवारी त्यांनी तिला फोन केला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मित्रा, बस झालं बेटा. वापस ये. शिकणं सगळ्याईलेच जमत नाही. त्याच्यात तुझा दोष नाही. मीच लय बोललो लोकाईले, तुह्या डोक्यावर भार झाला. तू ये. घर आहे."

"बरं, आबाजी," ती म्हणाली. "मी सरांना सांगते."

तिचा होकार मी ओळखते. तो खरा होता. ती दोन वर्षे या माणसाला फसवत होती, आणि तो तिच्याकडं माफी मागत होता. त्यानं जीव द्यायला सांगितला असता तरी ती बरं म्हणाली असती. तिचा शेवटचा प्रबंध तेवढा राहिला होता. सहा महिने.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. "मित्रा, कोणाले काही सांगू नको," म्हटलं आणि ठेवला. मग दार लावलं, खिडकी लावली (राधाबाई), आणि यांना सगळं सांगितलं. एक म्हणजे काय, पाच म्हणजे काय, चारचे पेढे कशाचे होते.

त्यांनी चष्मा लावला आणि कॅलेंडर पुढं ओढलं. मग त्यांनी कागद उचलला आणि उलटा धरला. खालची बाजू वर.

"रेल मिलमंदी अडतीस वर्षं काढली," ते म्हणाले. "एक नंबरचा माल म्हणजे एक नंबरचा माल. मले कावून नाही समजलं?"

मला वाटलं आता शपथपत्र काढतील, माझ्यावर चिडतील, मित्रावर चिडतील. त्यांनी विचारलं, "सुमेधचे किती होते?"

"एक्क्याण्णव पूर्णांक चार."

"हां," ते म्हणाले. "तेच पहिले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शील्ड पिशवीत घालून ते प्रफुलकडं. सोबत मी.

"काकाजी," प्रफुल सगळं ऐकून म्हणाला, "देण्याचा ठराव आहे. वापस घेण्याचा आपल्यात नियमच नाही."

"मंग बनवा."

"जनरल बॉडी लागते. ते जूनमंदी."

"आन बोर्ड?"

प्रफुल खुर्ची ओढून जवळ बसला. पहिल्यांदाच तो क्लार्कसारखा बोलत नव्हता. "काकाजी, आपल्या वस्तीतली ती पहिली पोरगी बाहेरदेशी गेली. तिच्या नावापुढं आपल्याच हातानं नापास लिवाचं? बाहेरचे लोक तर टपूनच बसले राहतात. दोन वर्षं झाले. कोणाले मालूम आहे?"

"मले मालूम आहे," यजमान म्हणाले.

मग शील्ड घेऊन आम्ही बसनं जवळच्या अहिवारा गावी गेलो. सुमेध तिथं चुनखडीच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर बाबू होता. वर्षभर तयारी करूनही त्या सत्कारानंतर त्यानं इंजिनियरिंगच्या परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता. आईला म्हणाला होता, इथल्या एक्क्याण्णवाले कोण विचारते. हे आमच्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. आमच्यामुळं झालं नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पांढरी धूळ भुवयांवर बसलेल्या त्या पोरानं यजमानांचं सगळं ऐकून घेतलं. मागं ट्रक हॉर्न वाजवत होते. त्यानं शील्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"काकाजी, पण याच्यावर नाव तर दीदीचं आहे."

हे यजमानांच्या लक्षातच आलं नव्हतं. पितळी पट्टी, त्यावर कोरलेलं नाव. अर्धा तास समजूत घालून झाल्यावर आम्ही शील्ड घेऊन तसेच परत आलो. बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती. शेजारचा प्रवासी म्हणाला, "बधाई हो दादा, किसको मिला?" त्यांनी शील्ड पिशवीत घातली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. असं त्यांनी कधी कोणाशी केलं नव्हतं.

नऊ एप्रिलला दुपारी मी डोळा लावून पडले होते. त्यांनी मागच्या खोलीतून लाल रंगाचा डबा काढला आणि ब्रश. मिलमध्ये नापास रुळाच्या तोंडावर लाल रंग मारतात; ते काम त्यांच्या हाताला ठाऊक होतं. विहारात त्या वेळी कोणी नव्हतं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावली आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी तिच्यावर चढले. 'शंभर'वर आडवी रेघ ओढून झाली. खाली सुमेधचं नाव लिहायचं होतं. 'सु' झाला. खुर्ची सरकली.

दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे वर धरला. तरुण डॉक्टर होता. "खुब्याचं हाड गेलं, काका. ग्रेड चार."

यजमान वेदनेनं पांढरे पडले होते. तरी त्यांनी मान उचलली. "साहेब, याच्यात एक चांगला राहते का चार?"

"एक चांगला. चार सगळ्यात वाईट."

"जर्मनीत चारले पास करतात," यजमान म्हणाले, आणि हसले. डॉक्टरला वाटलं, डोक्यालाही मार लागलाय. त्यानं आणखी एक एक्स-रे लिहून दिला.

मित्रा धावत आली. दहा दिवस त्यांच्या खाटेशी बसून होती. दोघांत माफीबिफीचं काही बोलणं झालं नाही. ते तिला रोज एकच विचारायचे: कोणत्या पेपरात कसं चुकलं होतं ते सांग. ती वही काढून सांगायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "जाय आता. तुहा प्रबंध आहे." ती गेली. सहा मेला पहाटे ते गेले.

प्रफुलनं जूनमध्ये जनरल बॉडी घेतली. शील्ड परत घेण्याचा नियम झाला. आणि अर्जात एक नवीन रकाना झाला, 'त्या संस्थेत सर्वांत चांगला आकडा कोणता'. बारावीची पोरं तिथं गोंधळून स्वतःचेच टक्के लिहितात. अरुणकुमार मुलाकडं नोएडाला गेले. सणाला फोन करतात आणि कोणाचेही मार्क विचारत नाहीत. राधाबाई भिंतीपलीकडंच आहेत. तिकडं कोणीतरी पोट्टा होता, यावर त्या अजून ठाम आहेत. तारा माझ्याशी बोलते, पहिल्यापेक्षा कमी. सुमेध अहिवाऱ्यालाच आहे. त्यानं संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलंय असं कोणी सांगतं, कोणी सोडला असं सांगतं. मी विचारलं नाही. बोर्डावर त्या वर्षाची ओळ तशीच आहे, लाल रेघ आणि त्याखाली एक 'सु'. पेंटर दोनदा आला आणि पुढचं नाव लिहायची परवानगी कोणी द्यायची यावर दोनदा परत गेला.

मित्राला प्रबंधाला एक पूर्णांक तीन मिळाले. आता ती त्याच विभागात आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते आणि त्यांचे पेपर तपासते. या फेब्रुवारीत तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाली, "आजी, आज मी सात जणांना पाच दिले."

मी म्हटलं, "द्यावेच लागले?"

"द्यावेच लागले."

"मंग त्याईले एकेकाले घरी बोलाव. चहा पाज. आन तुहा कागद दाखव, दोन्ही पाचवाला."

तिनं बोलावलं. सहा जण येऊन गेले. एकानं तर जेवणही मागून घेतलं म्हणे. सातवा आला नाही. त्यानं फोनही उचलला नाही. ती त्याच्या खोलीवर जाऊन आली, तर दार बंद होतं. दर रविवारी तिचा फोन आला की मी आधी त्याचंच विचारते.